लूपे बँकेचे दोन दोष

सिनिवा राजधानी आपियाच्या बचत देखरेख कार्यालयात लागली तेव्हा बत्तीस वर्षांची होती, आणि तिचा आवाज सामोआच्या दोन्ही मोठ्या बेटांवर घराघरात ओळखीचा होता. त्याआधी नऊ वर्षं ती रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचत असे. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की कोण गेलं, कुठल्या गावचं, माती कधी, कोणी कोणाला कळवलं आहे, हे ती एकामागून एक सांगायची. तेवढा वेळ तारोचे कंद सोलणारे हात थांबत, पोरांना गप्प केलं जाई. कोणी फार रडवेल्या सुरात वाचतं, कोणी कोरडं वाचतं. सिनिवा नीट वाचायची, एवढंच. नाव, गाव, वार आणि वेळ यांत ऐकणाऱ्याला शंका राहू नये, याची ती काळजी घ्यायची.

त्या नोकरीत तिच्या हातून एकदा मोठा घोटाळा झाला. एकाच नावाचे दोन म्हातारे दोन गावांत होते. गेला एक आणि तिने गाव वाचलं दुसऱ्याचं. जिवंत माणसाच्या दारात पहाटेपासून नातेवाईक मर्तिकाच्या भेटीच्या चटया आणि डुकरं घेऊन हजर झाले. रेडिओचे साहेब म्हणाले, कालच्या निवेदनात काही त्रुटी राहून गेली असं मोघम वाचून टाका. सिनिवाने मोघम वाचलं नाही. काल मी चुकीचं गाव वाचलं, चूक माझी आहे, अमुक गावचे आजोबा ठणठणीत आहेत, आणि गेले ते तमुक गावचे, असं तिने आपलं नाव घेऊन दोनदा सांगितलं. साहेब रागावले. पण चौथ्या दिवशी ते ठणठणीत आजोबाच बसने तारोची टोपली घेऊन रेडिओवर आले. आपल्यासाठी रडायला कोण कोण आलं आणि कोण आलं नाही हे जिवंतपणी कळलं, असं भाग्य सगळ्यांना मिळत नाही म्हणाले.

तिचे वडील सवाई बेटावरच्या एका गावचे वक्ते होते. गावाच्या वतीने काठीवर हात ठेवून बोलायचं, हा त्यांचा मान. सभेत बोलताना शब्द कसा सजवायचा, मोठ्या माणसाचं नाव कुठल्या वळणाने घ्यायचं, हे तिच्या कानावर लहानपणापासून पडलेलं. देखरेख कार्यालयाला इंग्रजी निवेदनं सामोअन भाषेत आणायला माणूस हवा होता, तेव्हा तिची निवड झाली ती याच भाषेसाठी. आणि याच भाषेने तिचा घात केला.

कार्यालयाचं काम होतं लहान बचत बँका आणि कर्जसंस्था तपासण्याचं. तपासणीत काय सापडलं ते कपाटात जायचं. बाहेर जायची वर्षातून दोन-तीन निवेदनं, तीही एकेका ओळीची. सिनिवाच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कर्जसंस्थेचा कारभार बिघडला. इंग्रजी ओळ अशी होती की तिला आता कडक नजरेखाली ठेवलं आहे. सिनिवाला ते फार उघडं वाटलं. तिने वडिलांच्या तोंडचा दरबारी शब्द वापरला. प्रमुख आपल्या गावाकडे ज्या मायेने पाहतो, त्यासाठीचा तो शब्द. ओळीचा अर्थ झाला, कार्यालयाने या संस्थेला आपल्या छत्रछायेखाली घेतलं आहे.

लोकांना आनंद झाला. सरकारची छत्रछाया म्हणजे आणखी काय हवं? दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात बायकांच्या समितीने पाण्याच्या टाकीसाठी जमवलेले पैसे त्याच आठवड्यात तिथे नेऊन ठेवले. सात महिन्यांनी संस्था बंद पडली. अर्धे पैसे मिळाले, अर्धे बुडाले.

समितीची लेउते नावाची एक चटया विणणारी बाई कार्यालयात आली. कमरेला गुंडाळलेलं ठेवणीतलं वस्त्र, लावालावा, हातात वर्तमानपत्राचं कात्रण. तिने आरडाओरडा केला नाही. सिनिवाच्या मेजासमोर उभी राहून एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा तू लिहिलास?"

"हो," सिनिवा म्हणाली.

"वाटलंच. तुझाच आवाज ऐकू आला मला यात." एवढं बोलून बाई गेली.

सिनिवा शनिवारी घरी गेली आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई काढायला सांगितली. कार्यालयाचा काही संबंध नाही, शब्द आपल्या घरातून गेला आहे, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी सकाळी बापलेक त्या गावात गेले आणि समितीच्या घरासमोर, उन्हात, डोक्यावरून चटई घेऊन खाली बसले. मोठा अपराध घडल्यावर सामोआत जसं बसतात तसं. एका शब्दासाठी असं कोणी बसलेलं त्या गावाने पाहिलं नव्हतं. तासभर कोणी बाहेर आलं नाही. मग लेउते आली, तिने चटई उचलली आणि दोघांना सावलीत नेलं. कोको पाजला.

"राग धुतला गेला," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी मला कळेल असं लिही. मी सहावीपर्यंत शिकले आहे. मूर्ख नाही, पण सहावीपर्यंतच."

त्या दिवसापासून सिनिवाने दरबारी शब्द लिहिणं सोडलं. मजकूर झाला की ती तो कार्यालयाचा ड्रायव्हर इओसुआला वाचून दाखवायची आणि आता तू मला सांग म्हणायची. इओसुआ जे सांगेल ते जर तिने लिहिलेल्याहून वेगळं असेल, तर चूक इओसुआची नाही, हे तिने ठरवून टाकलेलं. तो बिचारा पहिल्यांदा घाबरला, परीक्षा वाटली. मग त्याला त्यात गोडी लागली, आणि मोठमोठ्या साहेबांच्या मजकुरात तो खोड्या काढू लागला.

तपासणी विभागाचे प्रमुख पेतेलो यांना हे सगळं पोरकट वाटे. माणूस हुशार, सचोटीचा, ऑकलंडला शिकून आलेला. आकडे पाहून बँकेची नाडी ओळखायचा. पण देखरेख करणाऱ्याने गप्प राहावं, ही त्यांची पक्की समजूत होती. डॉक्टर रस्त्यात रोग्याचं दुखणं ओरडून सांगतो का, असं ते विचारत. असं दहा-बारा वर्षं चाललं.

मग लूपे बँकेचा आठवडा आला.

लूपे ही सवाईची बचत बँक. लूपे म्हणजे पारवा, तो पाटीवर काढलेला, मुख्य शाखा सालेलोलोंगाच्या बाजाराला लागून. शिक्षक, मासेवाले, न्यूझीलंडहून मुलं पैसे पाठवतात ते आईबाप, सगळ्यांची ठेव तिथे. मोबाईल नुकतेच गावोगाव पोचले होते. एका रविवारी जेवणं उरकायच्या सुमारास निरोप फिरायला लागला की लूपेचा व्यवस्थापक पेटी घेऊन ऑकलंडला पळाला. व्यवस्थापक ऑकलंडला गेला होता हे खरं. गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला होता. पण सोमवारी सकाळी आठ वाजता शाखेसमोर तीनशे माणसं होती, आणि दुपारी रांग बाजाराला वळसा घालून धक्क्याच्या रस्त्याला लागली.

योग असा की कार्यालयाने लूपेची तपासणी पंधरा दिवसांपूर्वीच संपवली होती. बँक धडधाकट होती. दोन दोष सापडले होते. एक, अपेलू नावाच्या एकाच व्यापाऱ्याला प्रमाणाबाहेर कर्ज दिलेलं. दुसरा, शाखेत तिजोरीची किल्ली आणि रोकडीची वही दोन्ही एकाच माणसाच्या हातात. दोन्ही सुधारायला तीन महिन्यांची मुदत देऊन कागद कपाटात गेले होते.

पेतेलोंनी दुपारी एक ओळ लिहून रेडिओवर वाचायला म्हणून सिनिवाच्या मेजावर ठेवली. देखरेखीखालील सर्व संस्थांवर कार्यालयाचं लक्ष असून चिंतेचं कारण नाही.

सिनिवाने ती वाचली आणि कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली. "हे मी वाचणार नाही."

"चूक काय आहे यात?"

"चूक नाही. पण चिंतेचं कारण नाही असं आपल्याकडे कधी म्हणतात? दवाखान्यात, पडद्याआडून. ऐकणारा लगेच पाद्रीला बोलावायला जातो."

पेतेलो हसले नाहीत. मग काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, तपासणीत जे सापडलं ते. बरं आणि वाईट, दोन्ही.

"दोष सांगितले तर उद्या रांग दुप्पट होईल."

"साहेब, तो दोष रांगेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. अपेलूने वर्षात चार नवे ट्रक घेतले, ते काय त्यांना दिसत नाहीत? ते ट्रक त्यांच्याच दारावरून जातात. त्यांना माहीत नाही ते एवढंच, की आपल्यालाही माहीत आहे. आपण गप्प राहिलो तर ते म्हणणार, हे एकतर आंधळे आहेत नाहीतर मिळालेले."

पेतेलो उठून कपाटापाशी गेले. मग त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं. ठेवीदारांच्या हितासाठी तपासणी विभागाच्या प्रमुखाला तपासणीतला भाग जाहीर करता येतो, असं एक कलम होतं. ते आजवर कोणी वापरलेलं नव्हतं. त्यांनी लूपेच्या अध्यक्षांना फोन लावून आपण काय करणार आहोत ते सांगितलं. पलीकडून बराच आवाज आला. पेतेलोंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि निर्णय तोच ठेवला. सिनिवाने विचारलं, हे उलटलं तर? "तर खाली सही माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त लेउतेबाईंना कळेल असं लिहा." ती गोष्ट त्यांना माहीत आहे हे सिनिवाला त्या दिवशी समजलं.

मृत्यूच्या बातमीत सांगायची तसंच तिने लिहायला घेतलं. कोण, काय, कधी. व्यवस्थापक कुठे आहे आणि कशासाठी, हे पहिलं. मग दोन दोष, मग ते कधीपर्यंत सुधारायचे त्याची तारीख, मग बँकेजवळ काय आहे. बँकेकडे पुरेसा पैसा आहे असं तिने लिहिलं होतं. इओसुआने ऐकून विचारलं, "पुरेसा म्हणजे कशाला पुरेसा?" तिने तो शब्द खोडला. त्याजागी लिहिलं की ठेवीदारांच्या पैशांतल्या दर तीन तालांपैकी एक ताला आज रोख आहे, उरलेले दोन कर्जात आहेत आणि ते हप्त्याहप्त्याने परत येत आहेत. इओसुआने मान डोलावली. हे मी माझ्या बायकोला सांगू शकतो म्हणाला.

संध्याकाळी तिने ते रेडिओवर वाचलं. बारा वर्षांनी ती त्या खोलीत बसली होती. वाचून झाल्यावर तिने मजकुरात नसलेलं एक वाक्य बोललं, की उद्या सकाळच्या बोटीने आम्ही सालेलोलोंगाला येतो आहोत, ज्याला विचारायचं असेल त्याने विचारावं. पेतेलोंना हे घरी रेडिओवरच कळलं.

सकाळच्या बोटीवर पेतेलोही होते. ते म्हणाले की मी तीसपेक्षा जास्त लोकांसमोर कधी बोललेलो नाही. सिनिवा म्हणाली, तुम्ही पहिल्या तिसांकडे बघा.

रांग सोमवारपेक्षा लहान नव्हती, पण वेगळी होती. लोकांनी बसायला चटया आणलेल्या, कोणी पॅनकेक विकत होतं, आणि पाहुणे आले म्हणताच रांग मोडून सगळे बाजाराच्या छपराखाली जमले. मागे आपला नंबर राहावा म्हणून जागेवर चपला आणि छत्र्या मात्र ठेवल्या होत्या. सिनिवाने कालचा मजकूर पुन्हा वाचला. मग गावचा एक म्हातारा प्रमुख काठी टेकत उठला. आजपर्यंत तुमच्या कार्यालयाचा माणूस इथे उभा राहिलेला पाहिला नव्हता म्हणाला, आणि रीतसर स्वागत केलं. त्यानंतर एक मासळीवाली उठली. तिने स्वागत वगैरे केलं नाही.

"हे दोष तुम्हाला कधी कळले?"

"पंधरा दिवसांपूर्वी," सिनिवा म्हणाली.

"मग पंधरा दिवस गप्प का बसलात?"

सिनिवाने तोंड उघडलं, पण ती बोलायच्या आतच पेतेलो उभे राहिले. "कारण मी घाबरत होतो," ते म्हणाले. "मला वाटत होतं, सांगितलं तर तुम्ही धावत बँकेत याल. आणि न सांगता तुम्ही आलातच."

छपराखाली हशा पिकला. पेतेलोंना वाटलं आपलं हसं झालं. सिनिवाला मात्र त्या हसण्याचा अर्थ कळला. हा माणूस आपल्यातला निघाला, असं ते हसणं होतं.

मासळीवाली हसली नव्हती. "आज मी माझे पैसे मागितले तर मिळतील?"

"मिळतील," पेतेलो म्हणाले.

"आणि आम्ही सगळ्यांनी मागितले तर?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाला कार्यालय भ्यायलं तो हाच. पेतेलोंनी सिनिवाकडे पाहिलं नाही. ते सरळ त्या बाईकडे बघत म्हणाले, "सगळ्यांना आज नाही. सगळ्यांना एका दिवशी देईल अशी बँक कुठेच नसते. तुमचे पैसे या गावातल्या घरांत, होड्यांत, दुकानांत गेलेले आहेत. ते परत येतात, पण एका सकाळी येत नाहीत. ज्याला आज गरज आहे त्याने आज घ्यावेत. ज्याला नाही त्याने काय करावं, हे मी सांगणार नाही. सांगायचं ते सगळं सांगून झालं आहे."

मासळीवालीने आपली छत्री उचलून आणली, उघडली, आणि बाजारात आपल्या टोपलीपाशी जाऊन बसली. तिच्यामागे सगळे उठले असं मात्र नाही. पुष्कळ जण पुन्हा चपलांपाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी दीडशे लोकांनी पैसे काढले, बुधवारी साठांनी, गुरुवारी बाराजणांनी. शुक्रवारी एक बाई सोमवारी काढलेले पैसे परत भरायला आली आणि घरात पैसे ठेवून झोप लागत नाही, जावई आलेला आहे, असं कारण तिने काउंटरवर दिलं.

अपेलू मात्र भडकला. तो आपियाला येऊन सिनिवासमोर उभा राहिला. निवेदनात नाव घेतलं नाहीत, पण रेडिओवरून मला नागडं केलंत, असं त्याचं म्हणणं. सिनिवाने त्याला बसायला खुर्ची दिली. निवेदनात एकही शब्द खोटा असेल तर दाखवा, मी आज संध्याकाळी माझं नाव घेऊन चूक सांगते, असं तिने सांगितलं. अपेलूने कागद दोनदा वाचला. तो व्यापारी होता, मूर्ख नव्हता. त्याने विचारलं की मुदत संपल्यावरही तुम्ही असंच वाचणार का. ती म्हणाली, हो, त्याच दिवशी. मग तो गेला आणि महिनाभरात त्याने दोन ट्रक विकले.

तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला सिनिवाने रेडिओवर वाचलं की लूपे बँकेच्या दोन दोषांपैकी एक सुधारला आहे. किल्ली एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे गेली. मोठं कर्ज निम्म्याने उतरलं आहे, अजून निम्मं बाकी आहे, आणखी चार महिने दिले आहेत. अर्धवट गोष्ट अर्धवट म्हणून सांगितलेली लोकांनी पहिल्यांदाच ऐकली. दुसऱ्या दिवशी सालेलोलोंगात रांग लागली नाही. व्यवस्थापक काठी घेऊन कामावर आला होता आणि लोक त्याला गुडघ्याबद्दल विचारत होते.

त्यानंतर पेतेलो बदलले असं म्हणता येणार नाही. प्रत्येक मजकुरावर ते आधी अर्धा तास कुरकुर करत. पण दरवर्षी प्रत्येक संस्थेबद्दल एक पान काढायचं, त्यात आधी दोष आणि तारखा, हा नियम त्यांनीच लिहिला आणि वरून मंजूर करून आणला. लहान संस्थांनी पहिली दोन वर्षं विरोध केला. तिसऱ्या वर्षी एका संस्थेने आपलं पान स्वतःहून दारावर चिकटवलं, कारण शेजारच्या संस्थेपेक्षा तिचे दोष कमी होते. इओसुआ निवृत्त होईपर्यंत एकही पान त्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर गेलं नाही, आणि त्याच्या निरोपाच्या जेवणात पेतेलोंनी त्याची ओळख मुख्य संपादक म्हणून करून दिली.

सिनिवा आता अठ्ठावन्नची आहे. वर्षातून एकदा ती ही पानं घेऊन गावोगाव बायकांच्या समित्यांसमोर बसते. मागच्या वर्षी सवाईच्या पश्चिम टोकाच्या एका गावात वाचून झालं, प्रश्न झाले, आणि मग एका म्हातारीने विचारलं की देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, निधीचं असं पान निघत नाही का. आत काय येतं ते दर रविवारी नावानिशी वाचतात. बाहेर काय जातं ते कधीच कोणी वाचत नाही. सगळ्या बायका चटईकडे बघू लागल्या, कारण पास्टरच्या बायकोच चहा ओतत होत्या. सिनिवाने खरं ते सांगितलं, की देऊळ तिच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

पास्टरच्या बायकोने शेवटचा कप भरला. किटली खाली ठेवली. "विचारते मी त्यांना," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी त्या गावच्या देवळात खर्च वाचला गेला. छताचे पंखे सात घेतल्याचं त्यात होतं, आणि छताला पंखे होते पाच. उरलेले दोन कुठे आहेत ते पास्टरनी स्वतःच उभं राहून सांगितलं, आणि सोमवारी सकाळी आपल्या घरून काढून आणून ते लावले.